तांब्याची तार, यूएसबी मोडेम आणि दोन दूरध्वनी क्षेत्रे : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील घरगुती ब्रॉडबँडचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील इंटरनेटच्या प्रसाराविषयी जे लेखन झाले आहे, त्यात धोरणे, परवाने, शुल्क आणि ग्राहकसंख्या यांचा विचार प्रामुख्याने आढळतो. दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंत आलेली तार आणि घरातील संगणक यांच्यामधील दोन-तीन फुटांच्या अंतरात काय घडले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक २००५ नंतरच्या चार-पाच वर्षांत ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील मध्यमवर्गीय घरांत इंटरनेट स्थिरावले ते याच अंतरात. टेबलावर ठेवलेला मोडेम, त्यातून निघालेली यूएसबी केबल आणि तिच्या टोकाला जोडलेला लॅपटॉप ही त्या काळातील परिचित मांडणी होय. या मांडणीचा इतिहास पाहताना प्रस्तुत निबंधात एक मुद्दा प्रतिपादन करावयाचा आहे. ही जोडणी वरकरणी सर्वत्र सारखी दिसत असली, तरी ती कोणाकडून मिळेल, कोणत्या अटींवर मिळेल आणि बिघडल्यास दाद कोणाकडे मागायची, हे घर कोणत्या दूरध्वनी क्षेत्रात आहे यावर ठरत असे. त्या क्षेत्राबाहेर पडण्याची वाट ब्रॉडबँड धोरणाने ग्राहकाला दिली नाही. ती पुढे बिनतारी यूएसबी मोडेमने दिली.

दोन दूरध्वनी क्षेत्रे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत जाऊन पोहोचली. लोहमार्गाने ज्या गावांना जेमतेम वर्षाच्या अंतराने मुंबईशी जोडले, त्यांना दूरध्वनीने मात्र वेगवेगळ्या कारभारांत टाकले. महानगर टेलिफोन निगम लिमिटेड, म्हणजेच एमटीएनएल, ही कंपनी १९८६ साली दिल्ली व मुंबई या दोन महानगरांसाठी स्थापन झाली. तिच्या मुंबई क्षेत्रात नवी मुंबई व ठाणे यांचा समावेश होता. कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याकडेच राहिले. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेड, अर्थात बीएसएनएल, अस्तित्वात आल्यानंतर तेथील कारभार महाराष्ट्र परिमंडळातील कल्याण दूरसंचार जिल्ह्याच्या नावाने चालू लागला. ठाण्याचा संकेत मुंबईचाच ०२२. डोंबिवलीचा व कल्याणचा ०२५१.

उपनगरी गाडी दिवा सोडून कोपरकडे निघाली की ही सीमा ओलांडली जाते. प्रवाशाला ती जाणवण्याचे कारण नव्हते. जिल्हा एक, वीज मंडळ एक, नोकरीची ठिकाणे बहुतांशी तीच. २००१ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख ६० हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे ११ लाख ९० हजार होती. म्हणजे एक महानगर आणि दुसरे गाव असे म्हणावे इतके अंतर आकड्यांतही नव्हते. तरीही ठाण्यातील भाड्याची जागा सोडून डोंबिवलीत स्वतःचे घर घेणाऱ्या कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्यासोबत जात नसे. कंपनी बदले, संकेत बदले, बिल भरण्याची खिडकी बदले. जोवर दूरध्वनीवरून केवळ बोलणे होत होते, तोवर ही गैरसोय घर बदलण्याच्या इतर गैरसोयींत खपून जाई. त्याच तारेवरून इंटरनेट येऊ लागले तेव्हा तिचे स्वरूप पालटले.

डायल-अपचा काळ

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली. प्रारंभी तिचे शुल्क सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खाते होते. परंतु त्यावर केवळ मजकूर दिसे, चित्रे दिसत नसत. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि ठरावीक तासांची पाकिटे दुकानांतून मिळू लागली. १७२ या आकड्यांनी सुरू होणारा क्रमांक संगणकाने फिरवायचा, मोडेमची कर्कश शिट्टी ऐकायची आणि जोडणी झाली की घड्याळाकडे लक्ष ठेवायचे, असा तो परिपाठ होता. तासांचे पैसे वेगळे आणि दूरध्वनीचे चढणारे युनिट वेगळे. शिवाय तेवढा वेळ दूरध्वनी व्यग्र राही. ज्या घरांनी जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवले होते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना ही व्यग्रता खटकणे स्वाभाविकच होते. डायल-अपचा एक गुण मात्र नोंदवला पाहिजे. तार कोणाचीही असली तरी सेवा कोणत्याही परवानाधारक कंपनीची घेता येई. ठाण्यातील आणि डोंबिवलीतील ग्राहक एकाच कंपनीचे पाकीट विकत घेऊ शकत होते. ब्रॉडबँडने वेग वाढवला, पण ही निवड काढून घेतली. हे कसे झाले ते पाहणे आवश्यक आहे.

ब्रॉडबँड धोरण आणि तारेची मालकी

ब्रॉडबँडसाठी नवी तार टाकावी लागली नाही, हे त्याच्या जलद प्रसाराचे मुख्य कारण होय. बोलण्याच्या आवाजाला तारेवर सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्यावरचा पट्टा रिकामाच असतो. एडीएसएल या तंत्रात तो सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत माहिती वाहून नेण्यासाठी वापरला जातो. घराकडे येणारा वेग अधिक आणि घरातून जाणारा कमी ठेवला तर एका जोडतारेतून बरेच साध्य होते, हा विचार अमेरिकेतील बेलकोर या संस्थेतील अभियंते जोसेफ लेचलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्या वेळी डोळ्यांसमोर होते ते तारेवरून चित्रपट दाखवणे. चित्रपट दूर राहिले आणि इंटरनेट आले, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल.

या तंत्राला अंतराची मर्यादा असते. केंद्रापासून तीन-चार किलोमीटरपलीकडे वेग झपाट्याने घटतो. म्हणून तार ज्याच्या ताब्यात, केंद्र ज्याच्या ताब्यात, त्यालाच ही सेवा परिणामकारकपणे देता येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मध्ये केलेल्या शिफारशींत सरकारी कंपन्यांच्या तारा इतर कंपन्यांना वापरू द्याव्यात असे सुचवले होते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही शिफारस स्वीकारली नाही. धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या झाली : सदैव चालू असणारी आणि किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेग देणारी जोडणी. लक्ष्येही ठरली : २००५ अखेर ३० लाख, २००७ अखेर ९० लाख आणि २०१० अखेर २ कोटी ग्राहक. २००७ अखेर प्रत्यक्षातील संख्या ३० लाखांच्या थोडी पुढे होती. म्हणजे पहिल्या टप्प्याचे लक्ष्य दोन वर्षे उशिरा गाठले गेले. तारा खुल्या झाल्या असत्या तर हे आकडे निराळे असते काय, याचे निश्चित उत्तर देता येत नाही. परंतु डोंबिवलीतील तारेवर बीएसएनएलखेरीज आणि ठाण्यातील सरकारी तारेवर एमटीएनएलखेरीज कोणीही ही सेवा देऊ शकणार नाही, हे त्या निर्णयाने ठरून गेले. केबल टीव्हीच्या जाळ्यावरून इंटरनेट देणारे व्यावसायिक दोन्ही शहरांत होते. त्यांची सेवा गल्लीगणिक बदलत असे आणि केबलवाल्याच्या मर्जीवर व तत्परतेवर अवलंबून असे.

२००५ च्या आरंभी दोन्ही सरकारी कंपन्यांनी सेवा सुरू केली. एमटीएनएलने तिला 'ट्राय-बँड' असे नाव दिले, बीएसएनएलने 'डेटावन'. अशा रीतीने दिव्याच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरे नाव नांदू लागले.

मोडेम, यूएसबी केबल आणि लॅपटॉप

सेवा मंजूर झाली की ग्राहकाच्या हाती एक खोके येई. त्यात मोडेम, त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर, दूरध्वनीचा आवाज व इंटरनेटचा संकेत वेगळे करणारा स्प्लिटर, एक ईथरनेट केबल, एक यूएसबी केबल आणि ड्रायव्हरची सीडी असे. त्या काळातील पुष्कळ मोडेमांना, उदाहरणार्थ हुआवे कंपनीच्या एमटी ८८२ ला, संगणक जोडण्याच्या दोन वाटा होत्या : एक ईथरनेटची, दुसरी यूएसबीची. तांत्रिकदृष्ट्या पहिली वाट अधिक चांगली होती. तिला ड्रायव्हर लागत नसे आणि संगणकावर भारही पडत नसे. तरीही पुष्कळ घरांत यूएसबी केबलच वापरली गेली. याचे कारण त्या घरांतील संगणकाच्या वयात शोधावे लागते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या जुन्या संगणकात डायल-अपचा मोडेम असे, नेटवर्क कार्ड असेलच असे नव्हते. यूएसबीची खाच मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वत्र आली होती. आणि पेनड्राइव्हमुळे ती माणसांच्या परिचयाची झाली होती. खाच दिसली की केबल खोचावी, हे ज्ञान कोणी शिकवावे लागले नाही.

लॅपटॉप घरात आला तेव्हा त्याला ईथरनेटची खाच बहुधा होतीच. परंतु ती जागा जुन्या संगणकाने आधीच अडवलेली असे, किंवा पहिल्या दिवशी बसवणाऱ्याने जी केबल लावली तीच पुढे राहिली. मोडेम राउटिंगच्या पद्धतीत ठेवलेला असेल तर एक यंत्र ईथरनेटवर आणि दुसरे यूएसबीवर अशी दोन्ही एकाच वेळी चालवता येत. तो ब्रिज पद्धतीत असेल तर नाव व परवलीचा शब्द लॅपटॉपवरूनच द्यावा लागे, आणि जोडणी त्या एका यंत्रापुरती राही. वाय-फाय असलेले मोडेमही मिळत. पण ते महाग होते आणि दोन खोल्यांच्या घरात त्यांची निकड वाटत नसे.

यूएसबीची वाट सरळ मात्र नव्हती. सीडीवरील ड्रायव्हर आधी बसवायचा आणि केबल नंतर खोचायची, हा क्रम चुकला की विंडोज एक्सपी मोडेमला 'अनोळखी उपकरण' ठरवून मोकळे होई. ड्रायव्हर नीट बसला तर लॅपटॉपला ती केबल नेटवर्क कार्डासारखी भासे. पुढे १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडून मोडेमच्या आतील पानावर काही आकडे भरावे लागत. त्यांतील दोन आकडे या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. व्हीपीआय आणि व्हीसीआय या नावांनी ओळखले जाणारे हे आकडे, मोडेममधून निघालेली माहिती केंद्रातील कोणत्या आभासी मार्गाने जावी हे सांगतात. एमटीएनएलसाठी ते ० आणि ३२ असत, बीएसएनएलसाठी ० आणि ३५. ठाण्यातील घरात उत्तम चालणारा मोडेम डोंबिवलीच्या घरात नेऊन लावला तर त्यावरील दिवे लागत, तारेशी मेळही जमे, पण इंटरनेट येत नसे. ३२ च्या जागी ३५ लिहिणे एवढाच उपाय होता. मात्र तो ठाऊक असणारा माणूस सोसायटीत एखादाच असे. दिवा आणि कोपर यांच्यामधील प्रशासकीय सीमा घरातील उपकरणाच्या पोटात या दोन आकड्यांच्या रूपाने शिरली होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

अशा वेळी सेवेच्या जबाबदारीचा प्रश्न उभा राही. लाइनमन तारेपुरता जबाबदार. दूरध्वनीत सूर येतो आहे हे ऐकून तो आपले काम संपले असे मानी, आणि त्याच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. लॅपटॉप विकणाऱ्याचा मोडेमशी संबंध नव्हता. उरलेले काम शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने किंवा संगणक दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानदाराने केले. ब्रॉडबँडच्या अधिकृत आकडेवारीत या श्रमाची नोंद नाही. परंतु या दोन शहरांत घरोघरी इंटरनेट चालू राहिले त्याचे बरेचसे श्रेय त्याच माणसांकडे जाते.

वेग, मर्यादा आणि रात्रीचे तास

बीएसएनएलच्या आरंभीच्या योजनांतील सर्वांत स्वस्त योजना महिना २५० रुपयांची होती आणि तिच्यात ४०० मेगाबाइटची मर्यादा होती. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक मेगाबाइटला वेगळे शुल्क पडे. १ जानेवारी २००७ पासून दोन्ही कंपन्यांनी वेग २ मेगाबिटपर्यंत वाढवला. त्या वेगाने ४०० मेगाबाइट संपायला सुमारे २७ मिनिटे पुरतात. म्हणजे वेग वाढल्याने मर्यादेबाहेर जाण्याचे भयही वाढले, आणि ती मर्यादा पुढे १ गिगाबाइटपर्यंत वाढवण्यात आली.

५०० रुपयांच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळातील वापर अमर्याद असे. या सहा तासांभोवती एक निराळीच घरगुती शिस्त तयार झाली. रात्री २ च्या आधी जोडलेले सत्र दिवसाच्या हिशेबात जाऊ नये म्हणून ते तोडून, काही मिनिटे थांबून पुन्हा जोडायचे. विंडोजच्या वेळापत्रकात तशी आज्ञा नोंदवायची आणि झोपी जायचे. सकाळी ८ पूर्वी उठून जोडणी बंद करायची. २५६ किलोबिटच्या वेगाने एका सीडीएवढी, म्हणजे ७०० मेगाबाइटची, फाईल उतरवायला सहा तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. पूर्ण रात्रीत एक सीडी जेमतेम बसेना, असा तो हिशेब होता. २ मेगाबिट आल्यावर त्याच रात्रीत पाच गिगाबाइटांहून अधिक उतरू लागले. पहाटेची लोकल पकडणाऱ्या डोंबिवलीकराला आठच्या आत उठण्याची वेगळी सवय लावून घ्यावी लागली नाही.

भारनियमन आणि पावसाळा

२००५ नंतरच्या वर्षांत ठाणे जिल्ह्यात भारनियमन होते. मुंबई शहर त्यातून वगळलेले होते. या भारनियमनाने जुन्या व नव्या सेवेतील एक मूलभूत फरक उघड केला. साध्या दूरध्वनीला लागणारी वीज तारेतूनच, केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून येते. म्हणून घरात अंधार असला तरी दूरध्वनी वाजत असे. लॅपटॉपलाही स्वतःची बॅटरी होती. मधल्या मोडेमला मात्र भिंतीवरील वीज लागे. दोन्ही टोके जागी आणि मधला दुवा बंद, अशी ही स्थिती होती. इन्व्हर्टर असलेल्या घरांतही तो दिव्यापंख्यांसाठी असे. मोडेमचा प्लग त्यावर घेण्याचे सुचायला अवकाश लागला.

पावसाळ्याची तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. रस्त्याखालील सांध्यांत पाणी शिरले की तारेवरील गोंगाट वाढतो. कानाला तो किंचित खरखर म्हणून सहन होतो. एडीएसएलच्या संकेताला मात्र तो सोसत नाही. त्यामुळे दूरध्वनी चालू आणि मोडेमचा दिवा लुकलुकत राहिलेला, हे दृश्य जून ते सप्टेंबरमध्ये नित्याचे होते. बोलण्यासाठी टाकलेल्या तारेकडून तिच्या मूळ कामाहून कितीतरी अधिक अपेक्षा ठेवल्याचा तो परिणाम होता.

बिनतारी यूएसबी मोडेम

२००८-०९ च्या सुमारास टाटा आणि रिलायन्स या कंपन्यांचे सीडीएमए तंत्रावर चालणारे बिनतारी यूएसबी मोडेम बाजारात स्थिरावले. 'फोटॉन प्लस', 'नेटकनेक्ट प्लस' ही त्यांची नावे. अंगठ्याएवढे हे उपकरण लॅपटॉपमध्ये खोचले की त्याला वीज लॅपटॉपकडूनच मिळे. भारनियमनाचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. ड्रायव्हरची सीडीही नाहीशी झाली. यातील अनेक उपकरणे खोचताच प्रथम सीडी ड्राइव्हसारखी दिसत, आपला ड्रायव्हर स्वतःच बसवत आणि मग मोडेम होत. जोडणीसाठी संगणक '#७७७' हा क्रमांक फिरवी. तार गेली तरी क्रमांक फिरवण्याची जुनी रीत सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक होती.

या उपकरणाचे खरे महत्त्व परवान्याच्या नकाशात आहे. मोबाइल सेवेसाठी आखलेल्या मुंबई महानगर क्षेत्रात मुंबई आणि नवी मुंबई यांच्याबरोबर कल्याणच्या दूरध्वनी केंद्रांचाही समावेश होता. म्हणजे तारेच्या हिशेबात मुंबईबाहेर असलेली डोंबिवली लहरींच्या हिशेबात मुंबईतच होती. एकाच देशाने, एकाच खात्याने आखलेले हे दोन नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते, आणि या विसंगतीचा लाभ प्रथमच घरगुती ग्राहकाला झाला. ठाण्यात घेतलेले उपकरण डोंबिवलीत कोणताही आकडा न बदलता चाले. तेच अंधेरीतील कचेरीत, ऐरोलीत आणि गाडीतही चाले. जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की तेवढा वेळ संपर्क तुटे, इतकेच. दर महाग होता आणि सांगितलेला ३.१ मेगाबिटचा वेग गर्दीच्या वेळी क्वचितच मिळे. घरातील तारेच्या जोडणीची जागा त्याने पूर्णपणे घेतली नाही. पण जोडणी घराची असते ही समजूत त्याने मोडली. मोडेम टेबलावरून लॅपटॉपच्या पिशवीत गेला, आणि त्यामुळे पूर्वी सगळे घर वापरत असलेली जोडणी बहुधा कमावत्या व्यक्तीची झाली. घरी राहणाऱ्यांच्या वाट्याला जुना संगणक आणि लुकलुकणारा दिवा उरला. या बदलाचा स्त्रियांच्या व शालेय मुलांच्या वापरावर काय परिणाम झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

त्यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर फोनच मोडेमचे काम करू लागला आणि यूएसबी मोडेम कपाटात गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने एमटीएनएल व बीएसएनएल यांच्या विलीनीकरणास तत्त्वतः मंजुरी दिली. त्याच निर्णयातील स्वेच्छानिवृत्ती योजनेनुसार ३१ जानेवारी २०२० रोजी दोन्ही कंपन्यांतील ९० हजारांहून अधिक कर्मचारी निवृत्त झाले. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा आणि कचेऱ्या घरात आल्यावर स्थिर जोडणीची गरज पुन्हा उत्पन्न झाली, ती या वेळी प्रकाशतंतूने भागवली. ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. प्रकाशतंतूच्या उपकरणांवर पुष्कळदा यूएसबीची खाच अजूनही असते. ती प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह जोडण्यासाठी आहे, लॅपटॉप जोडण्यासाठी नव्हे. ठाण्याचा ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ हे संकेत मात्र अद्याप वेगळेच आहेत.